काचेखालचा पिवळा कण

नवरा गेल्यानंतर मी कामावर परत गेले ती गणपतीच्या थोडी आधी. आणखी काही दिवस घरी राहिले असते तरी कोणी काही म्हटलं नसतं. पण घरभर त्याची पुस्तकं होती, आणि अर्धवट वाचलेल्या पुस्तकांत खूण म्हणून घातलेली एस.टी.ची जुनी तिकिटं होती. ती पुस्तकं मला उघडवत नव्हती आणि आवरूनही ठेववत नव्हती. त्यापेक्षा कारखाना बरा, असं वाटलं.

आमचं घर शहापूरला आणि कारखाना मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत. नवरा मुरबाडच्याच एका कॉलेजात इतिहास शिकवायचा, म्हणून सकाळी आम्ही एकाच गाडीने निघायचो. त्याचे तास माझ्या आधी संपत. मग तो आमच्या फाटकाबाहेर करंजाच्या झाडाखाली गाडी लावून वाचत बसायचा. पाळी सुटली की कारखान्यातल्या बायका त्या गाडीजवळूनच पुढे जायच्या. धसईहून येणारी एक जण फार बोलकी. ती मला मुद्दाम त्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "मॅडम, एक दिस तरी जरा उशिरा या गो. साहेबांचं पुस्तक कधी पुरं होऊनच देत नाय तुमी." तो ओशाळून हसायचा आणि पुस्तक मिटायचा.

कारखान्यात मी त्वरण ओळखणारे सेन्सर बनवते. त्वरण म्हणजे वेगात होणारा बदल. वस्तू हलली, थांबली, हादरली किंवा कलली, तर हा सेन्सर ते सांगतो. मोबाइल आडवा धरला की पडद्यावरचं चित्र आडवं होतं, ते अशाच एका सेन्सरमुळे. आमचे सेन्सर त्याहून नाजूक आणि संख्येने थोडे. ते घाटातल्या दरडींवर, धरणांच्या भिंतींवर, पुलांच्या खांबांवर बसतात. दरड कोसळण्याआधी पुष्कळदा जमीन किंचित कलते. ते किंचित कलणं ज्याला कळेल असा सेन्सर तयार करणं हे माझं काम.

त्याच्या पोटात सिलिकॉनमध्ये कोरलेला एक इवलासा ठोकळा असतो, केसाहून बारीक स्प्रिंगांवर टांगलेला. ठोकळ्याच्या दोन्ही कडांना फणीसारखे दात असतात आणि त्या दातांच्या फटींत दुसऱ्या, न हलणाऱ्या फणीचे दात शिरलेले असतात. ठोकळा जरा सरकला की दातांमधलं अंतर बदलतं. त्या बदलातून हालचाल मोजता येते. स्प्रिंग किती मऊ ठेवायची, यावर माझी कित्येक वर्षं गेली. मऊ ठेवली तर बारीकसं कलणंही कळतं, पण ठोकळा कडेला चिकटून बसण्याची भीती असते. ताठ ठेवली तर तो चिकटत नाही, पण त्याला फारसं काही कळतही नाही.

नवऱ्याला यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण प्रश्न विचारायची त्याला आवड होती. एकदा ओट्याशी उभा राहून त्याने विचारलं होतं, "टेबलावर नुसता पडून असला तर तुझा सेन्सर काय सांगतो? शून्य?"

"नाही. स्थिर असला तरी त्याला स्वतःचं वजन जाणवत असतं."

"आणि हातातून सुटून खाली पडत असला तर?"

"तेव्हा शून्य. पडताना त्याला काहीच जाणवत नाही."

"हे उलटंच झालं की."

"उलटं काही नाही. तुला सवय नाही एवढंच."

"बरं बाई," म्हणून तो पुन्हा गवार मोडायला लागला.

सिलिकॉनच्या चकत्या कोरून बाहेरच्या देशातून आमच्याकडे येतात. मुरबाडला त्यांचे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा चिनी मातीच्या इवल्या वाटीत बसवला जातो, त्याला सोन्याच्या तारा जोडल्या जातात, सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते आणि शेवटी वर झाकण बसवून वाटी कायमची बंद केली जाते. झाकण बसेपर्यंत आतला ठोकळा उघडा असतो. एवढ्या वेळात धुळीचा एक कण फटीत शिरला तरी सेन्सर मुका होतो. म्हणून हे सगळं काम क्लीनरूममध्ये चालतं. तिथली हवा सतत गाळलेली असते.

आत काम करणाऱ्या सगळ्या बायका आसपासच्या गावांतल्या आणि वाड्यांवरच्या. क्लीनरूमच्या आधी एक कपडे बदलायची खोली आहे. तिथे प्रत्येकीचा एक डबा. सकाळी बांगड्या, कानातलं, जोडवी, मंगळसूत्र सगळं काढून त्या डब्यात ठेवायचं. टिकली काढून झाकणाला आतून चिकटवायची. तोंडावरची पावडर धुवायची. मग डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, हातमोजे, तोंडावर पट्टी. काचेबाहेरून पाहिलं की कोण कोणती ते फक्त चालण्यावरून ओळखू यावं. माझाही डबा तिथेच होता. बाहेर टेबल-खुर्ची असली तरी दिवसाचा बराच वेळ माझं काम आतच असायचं.

मंगळसूत्र मी तेराव्यानंतर कपाटात ठेवून दिलं होतं. कोणी काढायला सांगितलं नव्हतं. नणंद म्हणाली होती, "वहिनी, तुला वाटेल तसं कर. लोकांचं मनावर घेऊ नकोस." मला ते घालून आरशात बघवेना, एवढंच.

परत गेले त्या सकाळी मी डबा उघडला आणि सवयीने दोन्ही हात मानेमागे नेले, फासा काढायला. तिथे काही नव्हतं. हात तसेच क्षणभर राहिले. खोलीत तोवर कुजबुज चालली होती, ती थांबली. मी मान खाली घालून पोशाख चढवला. दिवसभर सगळ्या माझ्याशी फार हळू बोलत होत्या. जेवणाच्या सुट्टीत धसईवालीने आपल्या डब्यातली वालाची भाजी न विचारता माझ्या ताटात वाढली. मी जेवले. सांत्वनाचे शब्द त्या आठवड्यांत पुष्कळ ऐकले होते. ती भाजी मात्र मला अजून आठवते.

त्यानंतर काही दिवसांतच सेन्सर बिघडू लागले.

तयार झालेला प्रत्येक सेन्सर आम्ही एका फिरत्या चौकटीत बसवतो. आधी सरळ, मग उलटा. उलटा केला की आतला ठोकळा आपल्याच वजनाने दुसरीकडे झुकायला हवा आणि आकडा बदलायला हवा. आता काही सेन्सर उलटे केले तरी तोच आकडा दाखवत होते. ठोकळे अडकले होते. आधी थोडे, मग जास्त, मग आमची एक खेपच परत आली. दरडीवर बसवलेला मुका सेन्सर फार वाईट. डोंगर कलला तरी तो सगळं ठीक आहे असंच सांगत राहणार.

आमचे मॅनेजर गृहस्थ बरे, पण वरून येणाऱ्या फोनांनी बेजार झालेले. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "दिवाळीआधीची खेप चांगली गेली नाही, तर झाकण बसवायची सगळी लाइन दुसऱ्या शहरातल्या प्लँटला नेणार आहेत. ठरलंय त्यांचं. इथे फक्त खोकी भरायचं काम उरेल."

"आणि या बायका?"

त्यांनी वाजणारा फोन उचलला.

बातमी बायकांपर्यंत पोचलीच. त्यांच्यात सगळ्यांत जुनी जी, ती वैशाखऱ्याजवळच्या वाडीवरची. आश्रमशाळेत दहावी झालेली. तिच्या घरी जमीन नव्हती. दर वर्षी भाताची कामं संपली की वाडीतली बहुतेक घरं वीटभट्ट्यांवर जात, पोराबाळांसकट. इथे काम लागल्यापासून हिचं घर तेवढं मागे राहायचं, आणि तिची दोन्ही मुलं सलग शाळेत जाऊ लागली होती. एरवी ती फार बोलत नसे. त्या दिवशी जेवताना म्हणाली, "मुकादम वाडीवर येऊन बसलाय, मॅडम. दिवाळी झाली का ट्रक लागनार."

"तुमच्या घरातून नवरा एकटा जाईल का?"

"एकट्याला कोन घेतो? जोडी पायजे त्याला. दरवर्षी मी नाय सांगते. यंदा म्हनतो, नक्की काय ते दिवाळीआधी सांग, मंग दुसरी जोडी धरतो."

"आणि मुलं?"

"कुठं ठेवनार? भट्टीवर." मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "धाकटी आता वाचाया लागली हाय."

मला आधी माझ्याच स्प्रिंगांवर संशय आला. त्या दिवसांत माझं कशातही लक्ष नसायचं. कुठेतरी आकड्यात चूक केली असेन, स्प्रिंग हवी त्याहून मऊ ठेवली असेन, असं वाटून मी सगळी आकडेमोड पुन्हा केली. चूक सापडली नाही. मॅनेजर दसऱ्यावर घसरले. खंडेनवमीला बायकांनी बाहेरच्या खोलीतल्या यंत्रांना हळदकुंकू लावून झेंडूचे हार घातले होते. "तरी मी सांगत होतो," ते म्हणाले. पण बिघाड दसऱ्याच्या बराच आधी सुरू झाला होता. मग भाताच्या झोडणीचा विचार मनात आला. त्या दिवसांत सगळ्या तालुक्यात कोंड्याची बारीक धूळ उडते, केसांत बसते. पण झोडणीही आत्ताच कुठे सुरू झाली होती.

शेवटी मी बिघडलेल्या सेन्सरचं झाकण कापून काढलं आणि वाटी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. ठोकळ्याच्या कडेला, दोन दातांवर आडवा, एक कण बसला होता. पिवळा, गोलसर. धागे शोधायला आम्ही एक जांभळा दिवा वापरतो. तो लावला तर कण हिरवट पिवळा चमकला. दुसरा सेन्सर उघडला. तिथेही तसाच. कोंडा असा चमकत नाही. खात्रीसाठी मी घरून चिमूटभर हळद पुडीत बांधून आणली आणि बाहेरच्या टेबलावर, काचपट्टीवर टाकून पाहिली. तीच होती.

संध्याकाळी बाकीच्या जीपसाठी फाटकाकडे गेल्या. वैशाखऱ्याची बाई मागे राहिली होती, डबा बंद करत. मी तिच्या शेजारी बाकावर बसले.

"आत हळद कुठून येते?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मग कुर्त्याचा गळा जरा खाली ओढला. मंगळसूत्राच्या वर, गळ्याशी घट्ट, पिवळा दोरा होता. दोऱ्यात हळकुंडाचा तुकडा बांधलेला.

"सगळ्यांच्या गळ्यात?"

"सगळ्या नाय. पन बऱ्याच."

"कधीपासून?"

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "तुमी परत आल्या ना, त्या दिसापासून."

मला कळेना.

"तुमी हात मागं नेला, न् गळ्यात काय नव्हतं. आमी सगळ्यांनी बघितलं. त्या दिशी जीपमंदी कोन कोनाशी बोललं नाय. मंग एकजन म्हनाली, मॅडमपन रोज काढायच्या ना. आमच्यावानीच. सकाळी काढायच्या, सांजच्याला घालायच्या." तिने दोरा पुन्हा आत सारला. "तुमाला दोष नाय, मॅडम. आमाला भ्याव वाटलं. मंगळसूत्र तुटलं का नवं ओवून येईस्तोवर हळकुंड बांधतात ना, तसं. म्हनलं, गळा रिकामा नको."

मी शास्त्र शिकलेली बाई. पण खरं सांगायचं तर हा विचार मला नवा नव्हता. सुतकाच्या दिवसांत भिंतीला टेकून बसलेली असताना तो माझ्याही मनाशी येऊन उभा राहिला होता. मी त्याला घालवला नव्हता. नुसती दुसरीकडे बघत राहिले होते. आता तोच विचार दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकला.

"तुमी मॅनेजरसाहेबांना सांगाल?" तिने विचारलं. "कळलं त्यांना तर दिवाळीपन बघायचे नाय. आजच घालवतील सगळ्यांना."

"सांगावं लागेल," मी म्हटलं. "पण तुमचं नाव नाही सांगणार. आणि उद्याचा दिवस मला द्या."

बाहेर जीपवाल्याने हॉर्न वाजवला. ती उठली.

त्या संध्याकाळी एस.टी.त बसल्यावर मी जोडव्यांचा विचार केला. नियमाने ती काढायची होती, कारण नियम सरसकट होता. अंगावर धातू नको. पण जोडवी मोज्याच्या आत राहतात, त्यावर बंद बूट, त्यावर पोशाखाचा पाय. त्यांच्यातून काही गळत नाही, आणि सेन्सरपासून ती सगळ्यांत लांब. सौभाग्याचं म्हणून बाई जे अंगावर वागवते, त्यातलं एक तरी आत नेता आलं तर?

मॅनेजरना मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. ते खुर्चीतून उठलेच. "हळकुंड? क्लीनरूममध्ये? आत्ता सगळ्यांकडून लिहून घेतो, परत दोरा दिसला तर घरी."

"लिहून देतील," मी म्हटलं, "आणि दोरा कमरेला बांधतील."

ते परत खुर्चीत बसले. मग त्यांनाच हसू आलं. "माझी आई असती तर तिनेही तेच केलं असतं."

जोडव्यांचं त्यांना एकदम पटलं नाही. आम्ही हवेतले कण मोजायचं यंत्र लावलं. धसईवालीला जोडवी घालून, वर सगळा पोशाख चढवून त्यासमोर पाय आपटायला सांगितलं. "जोरात," मी म्हटलं.

"आनखी जोरात आपटला तर साहेबांना वाटंल मी भांडाया आले," ती पट्टीआडून म्हणाली. यंत्राचा आकडा हलला नाही.

दुपारी जेवणाच्या खोलीत मी सगळ्यांना बसवलं. कोणाच्या गळ्यात दोरा आहे ते विचारलं नाही. काचेखाली काय दिसलं ते सांगितलं. दोरे आत न्यायचे नाहीत, त्याऐवजी जोडवी पायात राहू द्यायची, असं सुचवलं.

धसईवाली लगेच म्हणाली, "पायात असला काय न् गळ्यात असला काय, दादला तर एकच हाय. मला चालतंय."

थोड्या हसल्या. पण मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "गळा रिकामा ऱ्हायचा तो ऱ्हायचाच ना पन." आणि हसू विरलं. सगळ्यांनी माझ्या गळ्याकडे बघायचं टाळलं, ते मला दिसलं.

नवरा कसा गेला हे मी कारखान्यात कोणाला सांगितलं नव्हतं. घरीही एकदाच सांगितलं होतं, डॉक्टरांना. पण आता दुसरं काही सांगण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं.

"तो रविवारी गेला," मी म्हटलं. "मी घरीच होते. पावसाने उघडीप दिली होती. कपाटाला वाळवी लागली म्हणून तो पुस्तकं अंगणात उन्हात मांडत होता. मला म्हणाला, जरा चहा टाक. मी चहा घेऊन बाहेर आले तर तो पुस्तकांत बसला होता, पायरीला टेकून. मला वाटलं वाचतोय." मी पाण्याचा एक घोट घेतला. "मी त्याला उठवायला वाकले, तेव्हा मंगळसूत्र त्याच्या शर्टाच्या बटणात अडकलं. ते सोडवावं लागलं. गळ्यात होतं माझ्या. शनिवारी संध्याकाळी घातलेलं, रविवारभर होतं."

बोलता बोलता मलाही ते पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. बटणात अडकलेलं ते मंगळसूत्र मला रोज आठवत होतं. तरी तो विचार आला होताच. भीती पुरावा मागत नाही.

वैशाखऱ्याची बाई उठली. माझ्यापाशी आली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, आईने ठेवावा तसा. ती माझ्याहून वयाने लहान. मग ती कपडे बदलायच्या खोलीत गेली. मागोमाग एकेक करून दुसऱ्याही गेल्या. आत काय झालं ते मी पाहायला गेले नाही. दुसऱ्या दिवशी धसईवालीने सांगितलं, दोरे कचऱ्यात टाकवेनात, म्हणून सगळे एका पिशवीत बांधले आणि जाताना नदीत सोडले.

क्लीनरूम दोन वेळा धुऊन काढली. पोशाख सगळे नवे आणले. मग दिवाळीआधीची खेप सुरू झाली.

शेवटची चाचणी मी स्वतः करायला बसले. वैशाखऱ्याची बाई तिचं काम झाल्यावर शेजारी येऊन उभी राहिली. मी एकेक सेन्सर चौकटीत बसवायची, सरळ, मग उलटा. आकडा बदलायचा. ट्रे रिकामा होत आला तशी तिने टेबलाची कड धरली. शेवटचा सेन्सर उलटा केला. त्याचाही ठोकळा झुकला.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं. सगळे चांगले आहेत."

"म्हंजे लाइन इथंच ऱ्हानार?"

मॅनेजर काचेपलीकडे फोनवर होते. त्यांनी आमच्याकडे बघून मान हलवली आणि अंगठा वर केला.

ती बाहेर आली, पोशाख उतरवला, जोडवी पायातच. फोन घेऊन आवारात गेली. तिचा फोनवरचा आवाज नेहमीच मोठा, वाडीवर रेंज नसल्याची सवय. मला खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"हां, मुकादम? मीच बोलते. यंदा आमची जोडी धरू नको... नाय रे. नाय म्हनते ना... कुठं म्हंजे? हितंच, कामावर... अरे, तू दुसरी जोडी बघ. आमच्या शेजारच्यांना इचार, ते येतील... नाय, पुढच्या सालीपन माझ्या भरवशावर ऱ्हाऊ नको."

पलीकडून तो बरंच काही बोलत असावा. ती ऐकत राहिली, पायाने खडी सारत. शेवटी म्हणाली, "बरं, ठेवते. माझी सुट्टी संपली."

मग ती आत आली, हात धुतले, मोजे चढवले. दुसऱ्या खेपेच्या चकत्या सकाळीच आल्या होत्या.